दोन किलोचं लोखंड

वैजनाथ गित्ते यानं छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलला. पुण्याच्या मार्केट यार्डात गुळाच्या आणि भुसाराच्या गाळ्यांवर तो तोलणाऱ्याचं काम करायचा. परभणीकडून आला तेव्हा आधी पाठीवर पोती वाहिली. मग एका म्हाताऱ्या तोलणाऱ्यानं त्याला काट्यापाशी उभं केलं आणि पहिल्याच दिवशी एक धडा दिला: काटा दाखवेल ते बोलायचं, मनातलं बोलायचं नाही. शेतकरी आशेनं बघायचा, आडत्या हळूच डोळा मिचकावायचा. वैजनाथ दोघांकडेही पाहायचा नाही. पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हणायचा आणि वजनाचा आकडा असा खणखणीत सांगायचा की चार गाळे पलीकडचा माणूसही मान वर करी.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. लाल आकडा सगळ्यांनाच दिसतोय म्हटल्यावर तो मोठ्यानं सांगायला माणूस कशाला पोसायचा, असा प्रश्न व्यापाऱ्यांना पडला. पुण्यात असे प्रश्न लोकांना लवकर पडतात. युनियननं मोर्चे काढले, बैठका झाल्या. वैजनाथचं वय तसंही झालं होतं, तो घरी बसला. जुनी मापं भंगारात चालली होती, त्यातलं एक त्यानं मागून घेतलं. दोन किलोचं, सहा कोनांचं लोखंडी माप, बुडाशी शिशात सरकारी शिक्का. आडत्या म्हणाला, "न्यायचं तर दहाचं न्या की!" वैजनाथ म्हणाला, "आता दोनच उचलतं."

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. यमुनाबाई होती तोवर तिनं बोलायचं आणि ह्यानं हुंकार द्यायचा, असा त्यांचा संसार चालला. दिवसभर यार्डात ओरडून आलेल्या माणसाला घरी बोलायला घसा उरत नसे. यमुनाबाई गेली आणि ह्याचा घसा मोकळा झाला, पण आता ऐकायला कुणी नव्हतं. आपण एवढी वर्षं नुसतं 'हं' म्हणत बसलो, याची त्याला फार खंत वाटायची.

मुलगा तेजस शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाकडला. हिंजवडीत संगणकाची नोकरी, सूनही तिथेच. आई गेल्यावर त्यानं बापाला नेलं होतं, अगदी मनापासून. वैजनाथ दोन महिने राहिला. दोघं सकाळी आठला जात आणि रात्री नऊला येत. म्हणजे एकटं बसायचं ते तिथेही, फक्त अकराव्या मजल्यावर. तो परत आला. आता तेजसचा रविवारी गाडीतून फोन येई. "पप्पा, गोळ्या घेताय ना? बरं, सिग्नल सुटला, ठेवतो." पोरगा वाईट नव्हता. सिग्नलच लवकर सुटायचे.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत जिना चढताना वैजनाथला श्वास पुरेना. दवाखान्यात नऊ दिवस काढले. हृदय दमलंय, रक्त नीट पुढे ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं, असं डॉ. उल्का परांजपे यांनी त्याला समजावलं. रोज सकाळी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर समजायचं, पाणी साचतंय.

"श्वास लागायच्या आधी काट्याला कळतं," त्या म्हणाल्या. हे वैजनाथला एकदम पटलं. इतकी वर्षं काट्यावर विश्वास ठेवला, तो वाया गेला नाही म्हणायचा.

डॉ. उल्कांचं संशोधन चालू होतं. चाळीस रुग्णांना घरी काटा दिला होता. प्रत्येकानं रोज सकाळी मोबाइलवरून आपलं वजन दवाखान्याच्या संगणकाला पाठवायचं. दोन किलोची वाढ दिसली की तिथली नर्स पूर्णिमा फोन करून चौकशी करणार. शिवाय या बाईंच्या डोक्यात आणखी एक खूळ होतं. "आजवर आम्ही रुग्णांवर संशोधन केलं," त्या म्हणाल्या, "आता रुग्णांबरोबर करायचं." म्हणून संशोधनाच्या समितीत त्यांनी दोन रुग्ण घेतले. एक धानोरीच्या बायडाबाई, आणि दुसरा वैजनाथ, कारण त्याचा आकडा एकही दिवस चुकला नव्हता. दोघांना छातीला लावायचे बिल्ले मिळाले: 'रुग्ण-भागीदार'. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अकरा वाजता बैठक. वैजनाथ इस्त्रीचा सदरा घालून दोन बस बदलून जायचा आणि साडेदहालाच दारात उभा असायचा.

पहिल्याच बैठकीत त्यानं तोंड उघडलं. रुग्णांसाठी छापलेल्या पत्रकात लिहिलं होतं, 'सकाळी उपाशीपोटी वजन करावे.' वैजनाथ म्हणाला, "मॅडम, हे अर्धंच हाय. काटा कुठं ठेवायचा ते लिवा. सतरंजीवर ठेवला तर खोटं बोलतो. कपडे रोज सारखे पाहिजेत, न्हाई तर बारदानाचा कडता, पोत्याचं वजन वजा करायचं ते, कसं धरणार? आन् मोठी गोष्ट म्हंजे, आमच्यासारख्या माणसाला सकाळी गरगरतं, तो भिंतीला हात टेकतो. हात टेकला की वजन भिंतीला गेलं. काटा कमी दाखवणार, आन् तुम्ही म्हणणार बरंय."

खोलीतली शिकलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भिंतीची गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. डॉ. उल्कांनी ती लिहून घेतली, पत्रक नव्यानं छापलं, आणि 'भिंतीला हात टेकू नये' हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत आलं. वैजनाथनं त्या पत्रकाची घडी यमुनाबाईच्या फोटोमागे ठेवली. यार्ड सुटल्यापासून आपण कुणाच्या उपयोगी पडलो, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला तो काट्याची परीक्षा घ्यायचा. आधी नुसतं उभं राहायचं, मग ते लोखंडी माप हातात घेऊन उभं राहायचं. बरोबर दोन किलो वाढले की काटा खरा. जुलैच्या एक तारखेला काटा खरा निघाला, आणि त्या समाधानात त्यानं दुसराच आकडा पाठवून दिला. अठ्ठावन्नच्या जागी साठ.

सव्वानऊला फोन वाजला.

"गित्ते काका? पूर्णिमा बोलतेय, हार्टच्या स्टडीमधून. काका, वेट दोन किलोनं वाढलंय. पाय सुजलेत का?"

"न्हाई ओ."

"बोटानं दाबून बघा. खड्डा पडतोय का? नाही ना? रात्री झोपताना श्वास लागतो का, उशा किती घेता? आणि काल जेवणात काय होतं, लोणचं-पापड काही?"

काल जेवणात काय होतं, हे त्याला तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. भाकरी, वांग्याची भाजी. मग वांगी कुठून आणली ते सांगितलं, आणि यमुनाबाई त्यात कारळाची चटणी कशी घालायची तेही. पोरगी ऐकत होती. मधेच हसलीसुद्धा. अकरा मिनिटं झाली. "काळजी घ्या हं काका," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि वैजनाथच्या लक्षात आलं की आकडा चुकीचा गेलाय हे सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी त्यानं दुपारी दोन घास जास्त खाल्ले.

पुढचे पंधरा दिवस वजन शहाण्यासारखं अठ्ठावन्नवर राहिलं. बरा माणूस आणि गप्प फोन. एका बुधवारी सकाळी त्यानं हिशेब लावला की सोमवारी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटल्यावर आपण काहीच बोललेलो नाही. तो काट्याकडे गेला. वाटेत त्यानं फळीवरचं माप उचललं.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण कुंपणाचीही एक रीत होती. मनानं खोटा आकडा लिहून पाठवणं वैजनाथला मेला असता तरी जमलं नसतं. तो लोखंड हातात धरून काट्यावर उभा राहायचा, खाली वाकून बघायचा आणि दिसेल तोच आकडा पाठवायचा. काटा दाखवेल ते बोलायचं, हा नियम त्यानं तंतोतंत पाळला. काट्यावर काय ठेवायचं, याबद्दल म्हातारा तोलणारा काही बोलला नव्हता.

पहिली चूक धरून नोव्हेंबरपर्यंत असं आठ वेळा झालं. रविवारी कधीच नाही, रविवारी तेजसचा फोन असायचा. पूर्णिमाला बिचारीला कोडं पडायचं. पाय ठीक, श्वास ठीक, मग वजन कुठून येतं? पाचव्या वेळी तिनं डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी तीन दिवस अर्धी जास्त घ्यायला सांगितली. वैजनाथनं ती घेतली. गरज नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी घेतली. तिनं सांगितलं होतं, आणि तिचं ऐकायचं नाही तर तिला फोन तरी कशाला करायला लावायचा? तिसऱ्या दिवशी पोटरीत गोळे आले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. चौकट धरून तो बराच वेळ उभा राहिला.

नोव्हेंबरच्या बैठकीत अभिनव नावाच्या तरुणानं भिंतीवर आलेख दाखवले. हा आकडेवारीचा माणूस, बोलणं मोजून-मापून आणि शेवटी चिमटा. त्यानं सांगितलं की आतापर्यंत धोक्याचे एकवीस इशारे आले आणि त्यातले अकरा फुकट गेले, काहीच निघालं नाही. "विशेष कौतुक रुग्ण क्रमांक सतराचं," तो म्हणाला. "आठ इशारे, आठही फुकट. वजन एका दिवसात दोन किलो चढतं आणि दुसऱ्या दिवशी उतरतं. लिफ्ट असावी तसं."

सगळे हसले. बैठकीत नावं नसत, नुसते क्रमांक. आपला क्रमांक सतरा, हे वैजनाथला माहीत होतं, कारण तो त्याच्या काट्याच्या खोक्यावर लिहिलेला होता. चोराच्या मनात चांदणं. आपल्या कपाळावरच तो आकडा लिहिलाय, असं त्याला वाटायला लागलं.

"थोडक्यात," अभिनव म्हणाला, "दोन किलोची मर्यादा फार नाजूक आहे. तीन करू. फुकटचे फोन वाचतील, इथे बसलेल्या पूर्णिमाचा वेळ वाचेल." डॉ. उल्कांनी नाइलाजानं मान हलवली. आकडेच तसं सांगत होते. मग त्या म्हणाल्या, "ठरवण्याआधी आपल्या रुग्ण-भागीदारांचं मत घेऊ या."

बायडाबाई तावातावानं पुढे सरकल्या. त्यांच्या धानोरीच्या शेतावर आता सात मजली इमारती होत्या, पण बोलणं शेतावरचंच राहिलं होतं. "तीन कशापायी? आखाडात माझं दोनच किलो वाढलं व्हतं. मला तर कायबी होत नव्हतं. ह्या पोरीचा फोन आला, म्हणली आत्ताच्या आत्ता या. इथं आल्याव डाक्टरीनबाई म्हणल्या, संध्याकाळपतुर थांबली असतीस तर गेली असतीस. तीन किलोची वाट बघितली असती तर मी आज फोटूत असते."

"आजी, एका माणसावरून नियम ठरत नाही," अभिनव म्हणाला. तो उद्धट नव्हता, खरंच तसं शिकला होता.

एका माणसावरूनच तर ठरत होता. वैजनाथला ते स्वच्छ दिसत होतं. अकरा फुकट इशाऱ्यांतले आठ काढले तर उरत होते तीन. त्याच्या हातातलं लोखंड आता त्याच्या काट्यावर राहिलं नव्हतं. ते बायडाबाईंच्या आणि आणखी अडतीस जणांच्या पारड्यात पडलं होतं. गप्प बसलो तर कुणीतरी मरेल, आणि बोललो तर हा बिल्ला जाईल, ही पोरगी जाईल, सकाळचा फोन जाईल. त्याला खरंच रडू आलं. छत्तीस वर्षांत ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, तो माणूस आज चार शिकलेल्या लोकांपुढे आपल्या तोंडानं चोर ठरणार होता.

तो उभा राहिला. भिंतीला हात टेकला नाही.

"सतरा नंबर मी," तो म्हणाला. आवाज यार्डातल्यासारखा मोठा निघाला. "काटा खरा हाय. माणूस खोटा हाय. दोन किलोचं माप हातात घिऊन उभा ऱ्हायलो मी, आठ बार. ते आठ काढून टाका आन् मग मोजा."

अभिनवनं चष्मा काढला आणि परत लावला. डॉ. उल्कांनी हळूच विचारलं, "पण का, गित्ते?"

याचं उत्तर देणं त्याला त्या कबुलीहून जड गेलं. "फोन येतो," तो म्हणाला. "जेवलात का, काय जेवलात, विचारतात."

पूर्णिमानं मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, मी गोळी वाढवायला सांगितली होती. ती घेतलीत?"

"घेतली."

"गरज नसताना?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसते कागद गोळा केले आणि ती खोलीबाहेर गेली.

मर्यादा दोन किलोचीच राहिली. डॉ. उल्का म्हणाल्या, तुमचे आकडे संशोधनातून काढावे लागतील, पण उपचार उपचाराच्या जागी. रोजचं वजन पाठवत राहा, आणि पुढच्या बैठकीला जरूर या. त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं. बाहेर व्हरांड्यात बायडाबाईंनी त्याला गाठलं. आता ही बाई बोलणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"अण्णा, माझ्या घरात सोळा माणसं हायेत," त्या म्हणाल्या. "पर उशा किती घेता म्हणून कुणी इचारत न्हाई. मलाबी दोनदा वाटलं व्हतं, पाण्याची कळशी घिऊन हुबं ऱ्हावं." मग त्या हसल्या, आणि डोळ्यांना पदर लावत लिफ्टकडे गेल्या.

वैजनाथ पुढच्या बैठकीला गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बिल्ला पत्रकाच्या घडीत गेला, यमुनाबाईच्या फोटोमागे. माप भंगारात द्यावं असं त्याच्या दोनदा मनात आलं, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? ते दोन किलो होतं आणि दोन किलोच सांगत होतं. त्यानं ते ज्वारीच्या डब्याच्या तळाशी ठेवून दिलं. रोज सकाळी मोकळ्या हातानं उभा राहायचा, खरा आकडा पाठवायचा आणि तरीही सव्वानऊपर्यंत फोनजवळ बसायचा. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. सत्तावन्न पूर्णांक नऊ. अशा वजनाला फोन येत नसतात. संक्रांतीला तेजस येऊन तिळगूळ देऊन गेला, तासभर थांबला. तो गेल्यावर घर आणखी मोठं वाटलं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी चप्पल पायात जाईना. आदल्या दिवशी काटा एकोणसाठ म्हणाला होता, आज साठ पूर्णांक दोन. वैजनाथ काट्यावरून खाली उतरला, परत चढला. तेवढंच. त्यानं दोन्ही तळहात समोर धरून पाहिले. मग ज्वारीत हात घालून माप काढलं आणि काटा तपासला. बासष्ट पूर्णांक दोन. काटा खरा होता. माप खाली ठेवून त्यानं साठ पूर्णांक दोन पाठवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसला. येईल का? लांडगा आला रे आला, आठ वेळा ओरडून झालेला माणूस तो. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. रात्रीपासून धाप लागून त्याला आडवं पडवत नव्हतं. खिडकीशी बसून त्यानं पहाट काढली होती.

नऊ पस्तीसला फोन वाजला.

"काका, पूर्णिमा बोलतेय."

"बोला बाई."

पूर्वी ती आधी पायांचं विचारायची. "काका, राग मानू नका," ती म्हणाली, "पण... हातात काही नव्हतं ना?"

वैजनाथनं पुन्हा एकदा हाताकडे बघितलं.

"न्हाई बाई. हात रिकामे हायेत."

"बरं. मग पायाला बोटानं दाबून बघा. खड्डा पडतोय का?"

त्यानं वाकून दाबलं. बोट आत गेलं आणि खड्डा तसाच राहिला. "पडतोय," त्यानं सांगितलं. मग तिनं आपणहून विचारलं, काल जेवणात काय होतं, आणि तो सांगायला लागला. भाकरी, मुगाचं वरण, मीठ अजिबात नाही. खोटं न करता फोन आला होता. त्याला त्याचं इतकं बरं वाटलं, की श्वास पुरत नाही हे तिला सांगायचं तो विसरूनच गेला.